शिंगराचे जंत वेगळे, मोठ्या घोड्याचे वेगळे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. साडेचार महिन्यांच्या शिंगराला पहिल्या महिन्यापासून दर महिन्याला आयव्हरमेक्टिनची पेस्ट दिली. तरीही त्याचं पोट सुटलंय, केस राठ झालेत, अधूनमधून खोकतं, आणि परवा लिदीत वीतभर लांबीचा पांढरा जंत दिसला. आता डोस दुप्पट करावा का? आणि तबेल्यातल्या बाकी सहा मोठ्या घोड्यांनाही दर दोन महिन्यांनी औषध देत राहावं का?

दोन्ही गोष्टी करू नका. पहिलीमुळे शिंगराच्या जिवावर बेतू शकतं. दुसरीमुळे आज उपयोगी पडणारं औषध काही वर्षांत तुमच्याच कुरणावर निकामी होईल. शिंगराचं काम निकडीचं आहे, म्हणून आधी तेच घेतो.

तुम्ही पाहिलेला जंत जवळजवळ नक्कीच पॅरास्कॅरिस, म्हणजे शिंगरांचा मोठा गोलकृमी. पांढरट पिवळा, पेन्सिलीएवढा जाड, दोन्ही टोकांना निमुळता. पूर्ण वाढलेली मादी तीस सेंटिमीटरच्याही पुढे जाते. मोठ्या घोड्यात तो क्वचित सापडतो, कारण सहा महिने ते वर्षभराच्या वयात घोड्याच्या अंगात त्याच्याविरुद्ध चांगली प्रतिकारशक्ती तयार होते. त्याआधीच्या काळात मात्र शिंगराच्या लहान आतड्यात त्याला मोकळं रान असतं.

त्याचा प्रवास लक्षात घेतला की तुमच्या शिंगराची लक्षणं आपोआप उलगडतात. शिंगरू जमिनीवरून, भिंतीवरून किंवा आईच्या सडावरून अंडी चाटतं. आतड्यात अंड्यातून अळी बाहेर पडते, आतड्याची भिंत भेदते आणि पहिल्या आठवड्यात यकृतात पोचते. तिथून रक्तावाटे फुप्फुसात येते. दोनेक आठवड्यांनी श्वासनलिकेतून वर चढते, खोकल्याबरोबर घशात येते आणि पुन्हा गिळली जाते. सुमारे महिन्याभरात ती परत लहान आतड्यात आलेली असते आणि आता तिथेच वाढते. अंडी घालण्याइतकी मोठी व्हायला संसर्गापासून दहा ते पंधरा आठवडे लागतात. खोकला फुप्फुसातल्या या वाटचालीचा असतो. वाढ खुंटणं आणि राठ केस हे आतड्यातल्या गर्दीमुळे होतं.

आता हिशोब करा. जंत मोठा व्हायला किमान अडीच महिने लागतात, आणि त्या काळात तुम्ही आयव्हरमेक्टिनचे दोन-तीन डोस दिलेत. औषध लागू पडत असतं तर तो जंत वाढून लिदीत दिसायला नको होता. डोस वजनाच्या मानाने फारच कमी पडला असेल, हे शक्य आहे. पण जास्त शक्यता अशी की तुमच्या जागेतले गोलकृमी या औषधाला दाद देत नाहीत. यात तुमचं नशीबच वाईट आहे असं नाही. या जंतावर आयव्हरमेक्टिन गटाची औषधं चालत नसल्याची पहिली नोंद २००२ मध्ये नेदरलँड्समधून आली आणि त्यानंतर जिथे जिथे घोड्यांची पैदास होते तिथून अशाच नोंदी येत गेल्या. मॉक्सिडेक्टिन त्याच गटातलं असल्याने आयव्हरमेक्टिन सोडून मॉक्सिडेक्टिन धरण्यात अर्थ नाही. शिवाय ते चरबीत साठतं. लहान आणि रोड शिंगरात चरबी नसल्याने ते थेट मेंदूपर्यंत पोचून शिंगरू लटपटतं, आडवं होतं. चार महिन्यांच्या आतल्या शिंगराला ते कधीच देत नाहीत, काही देशांत ही मर्यादा सहा महिन्यांची आहे, आणि खंगलेल्या जनावराला मी ते कोणत्याही वयात देत नाही.

मग डोस दुप्पट का करायचा नाही? आयव्हरमेक्टिन आणि पायरँटेल ही दोन्ही औषधं जंताला लुळं पाडतात. जंत थोडे असतील तर लुळे पडलेले जंत लिदीबरोबर निघून जातात. पण पोटात शेकड्यांनी जंत असतील आणि ते सगळे एकाच दिवशी लुळे पडले, तर लहान आतड्याच्या अरुंद नळीत त्यांचा बोळा बसतो. हा प्रकार मी माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या काळात डोळ्यांनी पाहिला. एका पैदास केंद्रावर जंतनाशकाचं वेळापत्रक मीच लिहून दिलेलं होतं. पाच महिन्यांची एक शिंगी, तुमच्या शिंगरासारखीच पोट सुटलेली. दुपारी पेस्ट दिली, दुसऱ्या दिवशी सकाळी ती लोळत होती. नाकातून नळी घातली तर नळीवाटे जठरातल्या पाण्याबरोबर जंत आले. शस्त्रक्रियेसाठी हलवेपर्यंत आतडं फुटलं होतं. शवविच्छेदनात लहान आतडं सुतळीचा गुंडा कोंबावा तसं जंतांनी ठासलेलं होतं. तिला दिलेलं औषध चुकीचं होतं आणि ते माझ्या सांगण्यावरून दिलं गेलं होतं. त्या दिवसापासून पोट सुटलेल्या शिंगराला आधी तपासल्याशिवाय मी काही देत नाही.

तुम्ही आता काय करायचं ते सांगतो. आधी ताप पाहा. जंताच्या खोकल्यात सहसा ताप नसतो. ताप असेल, श्वास जलद असेल, नाकपुड्या फुगत असतील तर या वयात ऱ्होडोकॉकस नावाच्या जिवाणूचा न्यूमोनिया असू शकतो. तो जंतांपेक्षा झपाट्याने मारतो आणि त्याचं औषध अगदी वेगळं असतं. अशा वेळी जंतांचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी पशुवैद्याला बोलवा. ताप नसेल तर ताज्या लिदीचा नमुना तपासायला द्या. शक्य असेल तर पोटाची सोनोग्राफी करून घ्या. लहान आतड्यात गोलकृमी बऱ्याचदा पडद्यावर स्पष्ट दिसतात, आणि गर्दी किती आहे याचा अंदाज लिदीतल्या अंड्यांपेक्षा त्यातून चांगला येतो. अंड्यांच्या आकड्यावरून जंत किती हे शिंगरात कळत नाही. एकेक मादी दिवसाला लाखाच्या घरात अंडी घालते, त्यामुळे मोजक्या माद्याही आकडा फुगवतात, आणि अजून वयात न आलेले शेकडो जंत एकही अंडं घालत नाहीत.

औषध म्हणून माझी पहिली निवड फेनबेंडाझोल. ते जंताला लुळं पाडत नाही. त्याच्या पेशींमधलं अन्न वाहून नेण्याचं काम बंद पाडतं, त्यामुळे जंत दोन-तीन दिवसांत सावकाश मरतात आणि थोडे थोडे बाहेर पडतात. गोलकृमीसाठी डोस किलोमागे दहा मिलिग्रॅम, म्हणजे मोठ्या घोड्याच्या नेहमीच्या पाच मिलिग्रॅमच्या दुप्पट. काही ठिकाणी या औषधालाही दाद न देणारे गोलकृमी सापडले आहेत, तरी बहुतेक जागी ते अजून चांगलं काम करतं. सावकाश मारणारं असलं तरी धोका शून्य होत नाही. म्हणून औषध सकाळी द्या, पशुवैद्य हाताशी असेल असा दिवस निवडा आणि पुढचे दोन-तीन दिवस शिंगरावर नजर ठेवा. दूध पिणं कमी झालं, कुशीकडे वळून पाहू लागलं, पुढच्या पायाने जमीन उकरू लागलं, घाम आला, लीद थांबली, पाठीवर लोळलं, यातलं एकही लक्षण दिसलं तर तोंडाने काहीही न देता लगेच पशुवैद्याला बोलवा. तेल पाजणं, आणखी एक डोस देणं, पळवणं, यातलं काही करू नका.

'अर्धा डोस द्या, म्हणजे जंत हळूहळू मरतील' असा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. जगलेले अर्धे जंत म्हणजे त्या औषधाला सर्वांत चिवट असलेले जंत, आणि पुढची पिढी त्यांचीच. औषध सावकाश मारणारं निवडा, पण द्यायचं ते वजनाप्रमाणे पूर्ण.

वजनाबद्दल थोडं, कारण निम्म्या चुका इथेच होतात. डोळ्यांनी बांधलेला अंदाज जवळजवळ नेहमी कमी निघतो, माझाही. काटा असेल तर उत्तम. नसेल तर मोठ्या घोड्यासाठी सेंटिमीटरमध्ये छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंतची लांबी मोजा. घेराला घेराने गुणा, मग लांबीने गुणा, आणि ११,८८० ने भागा. १८० घेर आणि १६५ लांबी असेल तर ४५० किलो येतात. शिंगराचा बांधा वेगळा असल्याने हे सूत्र त्याला लागू पडत नाही. त्याच्यासाठी काटा किंवा शिंगरांची वेगळी फीत वापरा, कारण या वयात वजन आठवड्यागणिक बदलतं आणि मागच्या महिन्याचा आकडा आज चालत नाही. पेस्ट देण्याआधी तोंडात चारा नाही ना ते पाहा. दातांमधल्या मोकळ्या जागेतून पिचकारी आत घाला, पेस्ट जिभेच्या मागच्या भागावर सोडा आणि गिळेपर्यंत डोकं किंचित वर धरा. गालात राहिलेली पेस्ट पाच मिनिटांनी जमिनीवर दिसते आणि आपण मात्र डोस दिल्याची नोंद करून मोकळे होतो. गुरांसाठीचं आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन घोड्याला टोचू नका. टोचलेल्या जागी स्नायू सडवणारा जंतुसंसर्ग होऊन घोडे मेले आहेत. घोड्यासाठी हे औषध तोंडानेच द्यायचं असतं.

आता हे जंत आले कुठून? बहुतेक लोकांना वाटतं आईकडून. मोठ्या घोडीत हा जंत क्वचितच असल्याने तिच्याकडून अंडी फारशी येत नाहीत. ती येतात मागच्या वर्षीच्या शिंगरांकडून, आणि त्याच्याही मागच्या. या अंड्याचं कवच जाड आणि चिकट असतं. ते भिंतीला, गव्हाणीला, घोडीच्या कासेला चिकटून राहतं. थंडी, ऊन, नेहमीची जंतुनाशकं यांनी त्याला फारसं काही होत नाही, आणि ओलसर सावलीत ते वर्षानुवर्षं तग धरतं. एक आठवण सांगायचा मोह आवरत नाही. हेच अंडं १८८० च्या दशकात बेल्जियन शास्त्रज्ञ एदुआर व्हान बेनेडेन यांनी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. बीजांडात आणि शुक्राणूत गुणसूत्रांची संख्या निम्मी होते, हे त्यांनी याच घोड्याच्या जंतात पाहिलं. या जंतात गुणसूत्रं मोजकी आणि मोठी असल्याने ती नीट दिसत होती. आनुवंशिकतेच्या विज्ञानाची एक वीट अशी घोड्याच्या आतड्यातून निघाली आहे.

या चिवट अंड्याचा एकच कच्चा दुवा आहे. लिदीतून बाहेर पडल्या पडल्या ते संसर्ग करू शकत नाही. आत अळी तयार व्हायला उबदार हवेतही दोनेक आठवडे लागतात. म्हणजे शिंगरांच्या ठाणातली लीद आणि ओला पेंढा रोज उचलला तर अंडी पिकायच्या आतच बाहेर जातात. नुसतं पाणी मारून भागत नाही. घोडी विण्याआधी ठाण पूर्ण रिकामं करा, घासा आणि गरम पाण्याच्या जोराच्या फवाऱ्याने किंवा वाफेने धुवा. उष्णता ही या अंड्याची खरी शत्रू. घोडीची कास आणि मांड्यांची आतली बाजू विण्याआधी धुऊन पुसून घ्या. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे दर वर्षीची शिंगरं त्याच एका लहान कुरणात ठेवू नका. घराजवळ, नजरेसमोर म्हणून बहुतेक जण नेमकं तेच करतात, आणि तीन-चार वर्षांत ते कुरण गोलकृमींचं कोठार होतं. माझ्या पाहण्यात कुरण बदलल्याने जेवढा फरक पडला तेवढा कोणत्याही पेस्टने पडलेला नाही.

शिंगराच्या पहिल्या वर्षासाठी मी साधारण असा क्रम ठेवतो. पहिला डोस दोन ते तीन महिन्यांच्या वयात, फेनबेंडाझोलचा. एक महिन्याच्या शिंगराला डोस देण्याची गरज सहसा नसते. तेव्हा गोलकृमी अजून फुप्फुसाच्या वाटेवर असतात आणि लवकर व वारंवार दिलेल्या औषधानेच चिवट जंत निवडले जातात. दुसरा डोस दूध तोडण्याच्या सुमारास, चार ते सहा महिन्यांत, आणि त्याआधी लीद तपासून. इथे तपासणी महत्त्वाची, कारण या वयात पाहुणे बदलू लागतात. गोलकृमी कमी होतात आणि लहान स्ट्राँगाइल, म्हणजे मोठ्या आतड्यातले बारीक जंत, वाढतात. दोघांची अंडी सूक्ष्मदर्शकाखाली सहज वेगळी ओळखता येतात. गोलकृमी असतील तर फेनबेंडाझोल, फक्त स्ट्राँगाइल असतील तर आयव्हरमेक्टिन. नऊ महिन्यांच्या आसपास स्ट्राँगाइलसाठी एक डोस, त्याच वेळी पट्टकृमीसाठी प्राझिक्वान्टेल, आणि वर्षाचं झाल्यावर आणखी एक. एवढे चार डोस बहुतेक ठिकाणी पुरतात.

दीड महिन्याच्या आतल्या शिंगराच्या लिदीत स्ट्राँगाइलची अंडी दिसली तर घाबरू नका. शिंगरं आईची लीद खातात, त्यातून पचनाला लागणारे सूक्ष्मजीव त्यांना मिळतात आणि आईची अंडी नुसती पोटातून पार होतात. तसंच दुसऱ्या आठवड्यातली पातळ हगवण जंतांमुळेच होते असं समजून औषध देऊ नका. घोडी विल्यानंतर पहिल्यांदा माजावर येते त्याच सुमाराला ही हगवण दिसते आणि बहुतेक वेळा आपोआप थांबते. आईच्या दुधातून येणारा स्ट्राँगिलॉइडिस नावाचा बारीक जंत आहे खरा, पण त्याच्यामुळे आजारी पडलेली शिंगरं आता क्वचित दिसतात.

आता तुमचे सहा मोठे घोडे. दर दोन महिन्यांनी सगळ्यांना औषध ही पद्धत कुणी उगीच काढलेली नव्हती. १९६० च्या दशकात ती अमेरिकेत मांडली गेली, तेव्हा घोड्यांचा खरा वैरी होता मोठा स्ट्राँगाइल, स्ट्राँगिलस व्हल्गॅरिस. त्याच्या अळ्या आतड्याला रक्त पुरवणाऱ्या मुख्य धमनीत राहतात, तिथे गुठळ्या होतात, आणि आतड्याचा तुकडा रक्ताविना मरतो. त्या काळी अशा पोटशुळाने घोडे सर्रास मरत. हा जंत अंडी घालण्याइतका मोठा व्हायला सहा महिने घेतो, त्यामुळे दोन-दोन महिन्यांनी औषध दिलं की त्याची साखळीच तुटते. १९८० च्या दशकात आयव्हरमेक्टिन आलं आणि नियमित औषध घेणाऱ्या कळपांतून तो जवळजवळ नाहीसा झाला.

त्याची जागा लहान स्ट्राँगाइलनी घेतली. पन्नासच्या आसपास जातींचे हे बारीक जंत चरणाऱ्या जवळजवळ प्रत्येक घोड्यात असतात. थोडे असले तर घोड्याचं काही बिघडत नाही. पण त्यांना दोन-दोन महिन्यांनी औषधाने झोडपत राहिलं की जगतात ते फक्त औषधाला न बधणारे. फेनबेंडाझोल मोठ्या घोड्यांच्या स्ट्राँगाइलवर आज बहुतेक ठिकाणी निकामी आहे, पायरँटेलची धार अनेक ठिकाणी बोथट झाली आहे, आणि आयव्हरमेक्टिन दिल्यावर अंडी परत दिसायला पूर्वी आठ-दहा आठवडे लागत, ती आता पुष्कळ जागी पाच-सहा आठवड्यांतच दिसू लागली आहेत. घोड्यांच्या गोलाकार जंतांसाठी औषधांचे तीनच मोठे गट आहेत, आणि १९८० च्या दशकानंतर त्यात चौथ्याची भर पडलेली नाही. हे मी तळमळीने सांगतो, कारण पुढच्या पंधरा वर्षांत माझ्या हाताखालच्या तरुण पशुवैद्यांना देण्यासारखं काय उरेल हे आज तुम्ही-आम्ही ठरवत आहोत. 'दर वेळी औषध बदला' या जुन्या सल्ल्यानेही हे थांबत नाही. उलट एक औषध चालेनासं झालंय हे दुसऱ्याच्या आड लपून राहतं.

म्हणून मोठ्या घोड्यांचं औषध लिदीच्या तपासणीवर चालवा. एका ग्रॅम लिदीत किती अंडी आहेत ते मोजतात. एका कळपातले साधारण वीस टक्के घोडे कुरणावरची ऐंशी टक्के अंडी टाकतात, आणि कोणता घोडा त्यातला हे बाहेरून कळत नाही. तुकतुकीत, धष्टपुष्ट घोडाही ग्रॅममागे हजार अंडी टाकत असतो. ग्रॅममागे दोनशेच्या खाली असेल तो कमी टाकणारा, पाचशेच्या वर तो जास्त टाकणारा. एकदा कमी टाकणारा निघालेला प्रौढ घोडा सहसा पुढेही तसाच राहतो. तुमच्या सहापैकी एखाद-दुसराच घोडा बहुधा वारंवार औषध लागणारा निघेल.

नमुना नीट घेतला नाही तर ही सगळी मेहनत वाया जाते. लीद ताजी हवी, कोणत्या घोड्याची ते डोळ्यांनी पाहिलेलं हवं. तीन-चार गोळ्यांमधून थोडी थोडी घ्या, पिशवीतली हवा काढून घट्ट बांधा आणि लगेच फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नको. उबेत ठेवलेल्या नमुन्यात अंडी फुटून अळ्या बाहेर येतात आणि आकडा खोटा कमी येतो. मागच्या औषधाचा असर संपल्यावरच मोजा. आयव्हरमेक्टिननंतर किमान दोन महिने, मॉक्सिडेक्टिननंतर तीन. दुसरी मोजणी औषध दिल्यावर चौदाव्या दिवशी करा. ही कुणी करत नाही आणि खरी उपयोगाची हीच. आयव्हरमेक्टिन दिल्यावर आकडा जवळजवळ शून्यावर यायला हवा. आला नाही, आणि डोस व वजन बरोबर होतं, तर ते औषध तुमच्या कुरणावरच्या जंतांवर चालत नाही हे तुम्हाला घरच्या पुराव्यानिशी कळलं.

पण फक्त आकड्यावर विसंबू नका. मी एकदा तसा फसलो असतो. थंडी सरताना तीन वर्षांचा एक घोडा आला. पंधरा दिवसांत हाडं दिसायला लागली होती, पाण्यासारखी हगवण, पोटाखाली सूज, आणि अंडी शून्य. लिदीत मात्र लालसर, केसाएवढ्या बारीक अळ्या वळवळत होत्या. लहान स्ट्राँगाइलच्या अळ्या मोठ्या आतड्याच्या भिंतीत गाठी करून महिनोन्महिने, कधी दोन-दोन वर्षं झोपतात. त्या हजारोंनी एकदम जाग्या होऊन भिंत फोडून बाहेर आल्या की हे होतं. अळ्या अंडी घालत नाहीत, म्हणून तपासणीत काही दिसत नाही. या रोगात उपचार करूनही निम्म्यापर्यंत घोडे दगावतात. तो वाचला, पण दोन महिने लागले. सहा वर्षांच्या आतला घोडा, थंडी सरण्याचा काळ आणि अचानक खंगणं एकत्र आलं तर शून्य आकड्यावर निर्धास्त राहू नका.

याच कारणाने मी मोठ्या घोड्यांचं औषध पूर्ण बंद करत नाही. डेन्मार्कमध्ये १९९९ पासून जंतनाशक पशुवैद्याच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही आणि तपासणीवरच औषध देण्याची रीत पडली. त्यातून औषधाचा वापर खूप घटला, पण केवळ तपासणीवर चालणाऱ्या तबेल्यांत तो जुना मोठा स्ट्राँगाइल पुन्हा जास्त सापडू लागला. म्हणून माझी पद्धत अशी: चरण्याचा मोसम संपताना प्रत्येक घोड्याला, आकडा काहीही असो, वर्षातून एक डोस. तो मॉक्सिडेक्टिनचा दिला तर भिंतीतल्या अळ्यांवरही काम करतो, आणि त्यासोबत प्राझिक्वान्टेल असेल तर पट्टकृमीचंही भागतं. त्यापलीकडचे डोस फक्त जास्त अंडी टाकणाऱ्यांना. औषध दिल्या दिवशीच सगळा कळप नव्या स्वच्छ कुरणात हलवू नका. तसं केलं तर तिथे पोचतात ते फक्त औषधातून वाचलेले जंत आणि त्यांच्यात मिसळायला साधे जंत उरत नाहीत.

पट्टकृमी लहान आणि मोठ्या आतड्याच्या सांध्यावर झुपक्याने चिकटतो, कुरणावरच्या सूक्ष्म कोळ्यांतून येतो आणि नेहमीच्या लीद तपासणीत बऱ्याचदा निसटतो. रक्ताची किंवा लाळेची चाचणी त्यासाठी जास्त भरवशाची. शेपूट घासून घासून केस गेले असतील तर गुदद्वाराभोवती पिवळट चिकट थर आहे का पाहा, ती ऑक्सियुरिस नावाच्या जंताची अंडी. पारदर्शक चिकटपट्टी तिथे दाबून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली की खात्री होते, आणि औषधाबरोबर ती जागा रोज धुवावी लागते. पायाच्या केसांवर चिकटलेले पिवळे ठिपके म्हणजे बॉट माशीची अंडी. ती खरवडून काढा, पोटातल्या तिच्या अळ्यांना वर्षअखेरचा डोस पुरतो. लसूण, भोपळ्याच्या बिया, डायटम माती यांनी आतड्यातले जंत मरतात असा भरवशाचा पुरावा माझ्या पाहण्यात नाही, आणि लसूण जास्त दिला तर घोड्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटून पंडुरोग होतो.

कुरणावरची लीद आठवड्यातून दोनदा उचला. स्ट्राँगाइलची अंडी उबदार ओल्या हवेत आठवड्याभरात संसर्ग करणाऱ्या अळीपर्यंत पोचतात, म्हणून त्याआधी. ताजी लीद खत म्हणून चरण्याच्या जागी पसरू नका. नीट तापलेल्या ढिगात कुजली की अळ्या मरतात आणि मग ती चालते. घोड्यांमागून त्याच कुरणात गाई किंवा मेंढ्या चारल्या तर त्या घोड्यांच्या अळ्या गिळून संपवतात, त्यांच्यात हे जंत वाढत नाहीत. नवा घोडा आला की लीद तपासून, औषध देऊन, चौदा दिवसांनी पुन्हा तपासून मगच कळपात सोडा. आणि कुत्र्यांना औषधाच्या थेंबांपासून व त्या दिवसांतल्या लिदीपासून लांब ठेवा. कोली आणि त्या रक्ताच्या कुत्र्यांच्या मेंदूला आयव्हरमेक्टिन सोसत नाही.

उद्या सकाळी शिंगराचा ताप पाहा आणि सातही जनावरांच्या लिदीच्या पिशव्या नाव व तारीख घालून एकाच दिवशी द्या. शिंगराला फेनबेंडाझोल दिल्याच्या चौदाव्या दिवशी पुन्हा नमुना द्या. त्यात गोलकृमींची अंडी जवळपास तेवढीच राहिली, तर आणखी डोस स्वतःहून देऊ नका. दोन्ही अहवाल, शिंगराचं वजन आणि दिलेला डोस लिहून पशुवैद्याकडे न्या. पायरँटेल वापरायचं की नाही हे पोटात किती जंत उरलेत ते सोनोग्राफीत पाहूनच ठरवावं लागेल.